चक्कर आल्याची नोंद

"तुझं काम लिहायचं. डोकं चालवायचं नाही," डॉक्टर मराठीत म्हणाले. खोलीत औषध कंपनीची बाई होती, दोन सिंगापुरी नर्स होत्या. त्यांना कळू नये म्हणून मराठी. अपमान झाला तो फक्त मला ऐकू आला.

सिंगापूरच्या आमच्या हॉस्पिटलात रक्तदाबाच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. पैसा कंपनीचा, नाव डॉक्टरांचं, आणि पेशंटच्या नोंदी ठेवणारी मी. मी नांदेडकडची नर्स, डॉक्टर पुण्याचे. पहिल्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग काहीच विचारलं नाही. दरवर्षी त्यांच्या घरी, काँडोवर, गणपती बसायचा. मला सोडून सगळ्या मराठी स्टाफला बोलावणं जायचं. मी मनाची समजूत घालायचे, विसरले असतील. तीन वर्षं कोण विसरतं?

या कामात एक नियम असतो. लिहिताना चुकलं तर खोडायचं नाही, पान बदलायचं नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही आणि तारीख. मला हा नियम फार आवडायचा.

पेशंटमध्ये एक चिनी म्हातारी होती. आम्ही तिला आंटी म्हणायचो. तिला इंग्रजी जेमतेम यायचं. संमतीचा कागद मी तासभर समजावला, तर म्हणाली, "यू से ओके, आय साइन, ला." आणि सही करून मोकळी झाली.

पुढच्या खेपेला म्हणाली, गोळी घेतली की गरगरतं. मी तसं लिहिलं. डॉक्टरांनी पान वाचलं. "वयामुळे होतं ते. गोळीचा काय संबंध? नवीन पान घे, 'तक्रार नाही' लिही." त्यांनी तिला तपासलंही नव्हतं. पुढच्या महिन्यात कंपनीच्या परिषदेत त्यांचं भाषण होतं. इथे राहून नोकरी करायचा माझा पास त्यांच्या शब्दावर होता. मी पान फाडलं. माझ्याच सुबक अक्षरात खोटं लिहिलं.

तीन आठवड्यांनी आंटी बाथरूममध्ये पडली. खुबा मोडला. मी वॉर्डात गेले तर माझा हात धरून म्हणाली, "सॉरी आ, आय गिव्ह यू ट्रबल." ती माझी माफी मागत होती. मी जिन्यात जाऊन रडले.

त्याच आठवड्यात कंपनीच्या बाईसमोर ती बैठक झाली. डॉक्टर म्हणाले, लिही, पाय घसरून पडली, औषधाशी संबंध नाही. मी म्हटलं, "सर, तिला आधीपासून चक्कर येत होती." तेव्हा ते डोकं न चालवण्याचं वाक्य आलं. पाठोपाठ आणखी एक. "तुम्हा लोकांना कितीही वर आणलं तरी..." पुढचं बोलले नाहीत. गरज नव्हती.

मी पेन खाली ठेवलं. सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाले, "आय विल नॉट राइट धिस." कंपनीची बाई लॅपटॉपकडे बघत राहिली.

सोमवारी मी हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीला पत्र दिलं. फाडलेल्या पानाचा पुरावा कुठून आणणार? म्हणून सुरुवात स्वतःपासून केली. पान मी फाडलं, खोटं मी लिहिलं. कुणी सांगितलं ते त्यानंतर.

पास गेला. आंटी काठीशिवाय पुन्हा चालली नाही. माझ्या पत्राने तिचं हाड सांधलं नाही, आणि ते पाप माझ्या माथ्यावरून उतरणारही नाही. पण यापुढे कितीही मोठा डॉक्टर समोर उभा राहिला तरी पेशंटने सांगितलेलं मी बदलणार नाही. जसंच्या तसं लिहीन. खाली पूर्ण नाव घालीन. आडनावासकट.