वीबियसचा दावा

आमच्या अव्हेंटाइन टेकडीच्या उतारावर वीबियस लोकर पिंजायचा. दिवसभर त्याच्या दारातून लोकरीचे तंतू तरंगत यायचे, माझ्या भाजलेल्या हरभऱ्यांवर बसायचे आणि मी त्याला शिव्या घालायचे. तो ओशाळं हसायचा. 'हे माझं' असं या माणसाच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. शेजाऱ्यानं भिंत वीतभर सरकवली, तर यानं आपली खाट वीतभर आत घेतली. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

त्याच्या वरच्या खोलीत लसूण विकणारी ऑपिया राहायची. पोरकी, पण जन्मानं स्वतंत्र. एक दिवस कापडाचा व्यापारी ट्रेमेलियस दोन माणसं घेऊन आला. "हिची आई माझ्या घरची गुलाम होती. म्हणजे ही माझी. परवा प्रेटरपुढे आणतो, हिंमत असेल त्यानं तिथं बोलावं," म्हणाला आणि तिला ओढत घेऊन गेला.

आमच्याकडे अशा बाईला स्वतःसाठी तोंड उघडता येत नाही. कुणीतरी नागरिक पुरुषानं प्रेटरसमोर, म्हणजे न्यायाधीशासमोर, तिला हात लावून, ती स्वतंत्र आहे असं म्हणावं लागतं. त्यातला एक शब्द चुकला की दावा गेला आणि बाईही गेली.

गल्लीतले मोठ्या आवाजाचे पुरुष एकदम कामात बुडाले. वीबियस अंगावरची लोकर झटकत उठला. "मी जातो."

"तू?" मी म्हटलं. "तुला दारातलं मांजर हाकलता येत नाही!"

"तेही खरंच," तो म्हणाला आणि म्हाताऱ्या नोनियसला घेऊन आला. नोनियसला दाव्यांचे सगळे शब्द पाठ. माझ्याच ओट्यावर शिकवणी बसली.

"वाटतं, असं म्हणायचं नाही. विनंती करतो, नाही. मागतो, हे तर मुळीच नाही," नोनियस दटावत होता. "मागितलं की द्यायचं की नाही ही समोरच्याची मर्जी. तू म्हणायचं, 'ही स्त्री स्वतंत्र आहे, असं मी म्हणतो.' मग त्याला उत्तर द्यावंच लागतं. आणि प्रेटर 'दोघंही सोडा' म्हणेपर्यंत हात उचलायचा नाही. आधी उचललास की हक्क सोडलास."

"मी म्हणतो," वीबियस हळूच म्हणाला.

"अरे, कुजबुजतोस काय? चोरी केलीस का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं लोकरीला हात लावला नाही. पेंगुळलेल्या उन्हात तो नुसता फिरत होता. भिंतीवर, ऑलिव्हच्या बुंध्यावर तळवा टेकवायचा, ओठ हलवायचा आणि पुढे जायचा, झोपेत चालल्यासारखा. हवेत अजून कालचे तंतू तरंगत होते. दुपारी रस्ता रिकामा झाला, तेव्हा मी माझ्याच दंडावर हात ठेवला आणि तेच शब्द पुटपुटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदीवरून धुकं आलं होतं. प्रेटर बसतो त्या चौकातली माणसं अर्धी अर्धीच दिसत होती. ट्रेमेलियसनं ऑपियाचा दंड पकडला, दाव्याच्या रिवाजाप्रमाणे तिच्या खांद्याला छडी लावली. "ही स्त्री माझी आहे, असं मी म्हणतो." खणखणीत. सवयीचा माणूस.

वीबियसनं तिचा दुसरा दंड धरला. छडी टेकवली. ऑपिया जमिनीकडे बघत होती. मग त्याचा आवाज ऐकू आला, न चढलेला, न थरथरणारा. "ही स्त्री स्वतंत्र आहे, असं मी म्हणतो." एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"दोघंही सोडा," प्रेटर म्हणाला.

ट्रेमेलियसनं सोडलं. वीबियसनं सोडलं नाही. मागे नोनियसनं कपाळाला हात लावला. "मूर्खा, आता सोडायचं!"

प्रेटरनं मान वर केली. "ऐकू आलं नाही का?"

"आलं, साहेब. सोडतो. पण मी सोडल्यावर ती कुणाबरोबर जाणार, ते आधी सांगा."

चौकात हशा पिकला. प्रेटर हसला नाही. "निकाल लागेपर्यंत ती स्वतंत्रच धरली जाईल. तुझ्याबरोबर जाईल."

तेव्हा कुठे त्याची बोटं सुटली, एकेक करून. निकाल महिन्याभरानं आमच्याच बाजूनं लागला, पण मी रडले ती त्याच दिवशी. ऑपियाच्या दंडावर वीबियसच्या पाच बोटांचे वळ उठले होते. ते बघून तो घाबरला. "फार दुखलं का गं?"

ऑपिया ट्रेमेलियसनं धरलेला दंड चोळत होती. "हा दुखतोय," ती म्हणाली. मग वळ उठलेल्या दंडाकडे तिनं पाहिलं. "हा नाही."