घरी कन्नडच बोला

"टीसी द्या मॅडम. पोरगीला गावाकडं घालतो," संपतराव म्हणाले.

टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. ते उभेच होते. एच.एम. मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, कुर्ची दाखवली तरी बसले नाहीत. त्यांच्या मागे त्यांची बायको मनीषा पदर धरून उभी होती. ईश्वरी, त्यांची मुलगी, दाराच्या चौकटीला टेकली होती आणि कुणाकडेच बघत नव्हती.

एच.एम. मॅडमनी माझ्याकडे मान वळवली. "नीनु मराठी अल्वेनम्मा? तू मराठीच ना? विचार यांना नीट, काय झालं ते."

मी तेव्हा डी.एल.एड. करत होते. प्राथमिक शिक्षक व्हायचा हा कोर्स. त्यात काही महिने खऱ्या शाळेत जाऊन शिकवावं लागतं. मला म्हैसूरमधली मंडी मोहल्ल्याजवळची एक लहान सरकारी कन्नड शाळा मिळाली होती. शिक्षिका दोनच. एच.एम. मॅडम मोठ्या वर्गांना शिकवत, सुमित्रा मिस पहिली ते तिसरीला. मी सुमित्रा मिसच्या हाताखाली.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. माझे वडील हुणसूरच्या सरकारी बसवर कंडक्टर आहेत. पूर्वज कधी काळी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथेच राहिले. घरी आम्ही मराठी बोलतो असं आम्ही म्हणतो. पण ती मराठी महाराष्ट्रातल्या माणसाने ऐकली की तो हसतो. म्हणून मी जरा घाबरतच सुरुवात केली.

"तुम्ही कुंतून बोला. म्हणजे बसून बोला. पापूला, तुमच्या पोरीला, काय त्रास होतो शाळेत? अभ्यास कष्ट होतो, अल्वा?"

संपतराव पहिल्यांदा हसले. "मॅडम, ही मराठी हाय का कानडीला दिलेली फोडणी?"

"आमच्याकडे असंच बोलतात," मी म्हणाले. माझे कान गरम झाले होते.

मग ते बसले. ते मूळचे सांगलीकडचे, आटपाडी भागातले. काम गलाईचं. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून सोनं-चांदी शुद्ध करून देणं. त्या भागातली माणसं हे काम करत देशभर पसरली आहेत. संपतराव लग्नाआधीपासून म्हैसूरला होते. मनीषा आणि ईश्वरी मात्र याच वर्षी शाळा सुरू होताना आल्या. ईश्वरी गावाला पहिली करून आली होती, इथे दुसरीत बसवली.

"गावाला असताना पोरगी दिवसभर चिवचिव करायची," ते म्हणाले. "इथं आल्यापासनं मुकी झाली. शाळेत बोलत न्हाई, घरात बोलत न्हाई. तिला हितली हवा मानवत न्हाई. माझ्या आईकडं ठेवतो तिला. आम्ही दोघं राहतो हितं."

मनीषाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

एच.एम. मॅडमनी दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत थांबायला सांगितलं. "सुट्टीत घेऊन जा. तोवर बघू. नाहीच जमलं तर दाखला देते." ते बरं म्हणाले, पण मनातून त्यांचं ठरलं होतं, हे दिसत होतं.

ते गेल्यावर सुमित्रा मिस म्हणाल्या, "मातु आडल्ला कणम्मा. बोलतच नाही पोर. पहिल्याच कार्डावर अडकलीय. डॉक्टरला दाखवायला सांगावं असं माझ्या मनात होतं."

हे कार्ड प्रकरण सांगायला हवं. कर्नाटकात पहिली ते तिसरीची मुलं 'नली-कली' पद्धतीने एकत्र शिकतात. म्हणजे नाचत-बागडत शीक. मुलं बाकावर रांगेने बसत नाहीत. जमिनीवर गट करून बसतात. भिंतीवर एक चित्रांची शिडी असते. आपल्या पायरीचं कार्ड घ्यायचं, त्यावरचं काम करायचं, झालं की पुढचं कार्ड घेऊन पुढच्या गटात जाऊन बसायचं. एकीचं पटकन होतं, दुसऱ्याला वेळ लागतो, कुणी कुणासाठी थांबत नाही. वर्गात सतत उठबस असते. बाहेरच्या माणसाला तो बाजार वाटेल.

त्या बाजारात ईश्वरी एका सतरंजीवर, एकच कार्ड मांडीवर घेऊन, पाठ ताठ करून बसलेली असे. मी जवळ जाऊन मराठीत विचारलं तर ती माझ्या ओठांकडे बघायची आणि मग वडिलांनी बघितलं की काय अशा नजरेने दाराकडे.

ती नजर मला कळली नाही. म्हणून मी तिच्या घरी जायचं ठरवलं. आमच्या कोर्समध्ये मुलांच्या घरी भेट देणं असतंच. बहुतेक जणी दारातूनच चार प्रश्न विचारून येतात. मीही तसंच करणार होते.

खाली दुकान, वर एक खोली. जिन्यातही भट्टीचा आणि अ‍ॅसिडचा वास होता. संपतराव मला वर घेऊन गेले. मनीषाने चहा ठेवला. ईश्वरी कोपऱ्यात बसली होती.

"बा," मनीषा तिला म्हणाली. ये. ईश्वरी आली. तिच्यापुढे चिरमुऱ्यांची वाटी सरकवून मनीषा म्हणाली, "तिन्नु." खा. ईश्वरी खायला लागली. पाणी हवं का हे मनीषाने हातानेच विचारलं. ईश्वरीने मानेनेच नाही म्हटलं.

मला वाटलं, माझ्यासमोर लाजत असतील. पण खालून गिऱ्हाइकाची हाक आली, संपतराव गेले, तरी तेच चाललं. मग मी विचारलं, "तुम्ही पापूशी मराठी बोलत नाही?"

मनीषाने जिन्याकडे बघितलं. "मिसबाईंनी सांगितलंय ना. शाळेत मिटिंग होती तवा. घरी कन्नडच बोला, तरच पोरं पुढं जातील. ह्यांनी मनावर घेतलं. मला कानडी येतं ते बाजारापुरतं. बा, तिन्नु, मलगु. ये, खा, झोप. तेवढं बोलते."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं न्हाई बोलत."

"तिने मराठीत काही विचारलं तर?"

मनीषा चहा गाळत होती. "ऐकूच आलं न्हाई असं करते," ती म्हणाली. "सुरवातीला लई मागं मागं यायची. आये असं झालं, आये तसं झालं. मी आपली तोंड फिरवून भांडी घासायची. मग तिनं सोडलं बोलायचं."

चहा कसा होता ते मला आठवत नाही.

संपतराव वर आले तेव्हा मी धीर करून म्हणाले, "घरी मराठी बोललं तर चालतं, साहेब. पापूला बरं होईल."

"मिसबाईंनी सांगितलं का तसं?"

"नाही. मी सांगते."

"तुम्ही शिकाऊ, मॅडम. राग मानू नका." ते खरंच अजिजीने बोलत होते. "मी मास्तरचं ऐकलं न्हाई, सातवीतनं पळालो, म्हणून भट्टीवर हाय. पोरीच्या बाबतीत मी मास्तरच्या शब्दाबाहेर जाणार न्हाई."

माझे वडीलही शाळेबद्दल असंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी हे सुमित्रा मिसना सांगायचं होतं. आणि तेच अवघड होतं. माझे मार्क त्यांच्या हातात. त्यापेक्षाही, त्या चांगल्या होत्या. माझा डबा नसला तर स्वतःच्या डब्यातला लेमन राइस मला काढून द्यायच्या. त्यांना कसं सांगू, की तुमच्या एका वाक्याने एक घर गप्प झालंय?

मुलं जेवायला बसली होती तेव्हा मी सांगितलं. आधी अडखळत, मग सगळं एकदम.

सुमित्रा मिस जेवायच्या थांबल्या. "मी हे दर वर्षी सांगते," त्या म्हणाल्या. "उर्दूवाल्यांना सांगते, तमिळवाल्यांना सांगते, तेलुगूवाल्यांना सांगते. कोणी ऐकत नाही. सगळे मान हलवतात आणि घरी जाऊन आपलंच बोलतात. याच माणसाने का ऐकलं?"

"तो तुम्हाला मानतो मिस."

"तेच तर म्हणते. सवय नाही आम्हाला."

एच.एम. मॅडम शेजारीच होत्या. त्यांना पटलं नव्हतं. "घरी मराठी, तर कन्नड येणार कुठून? शाळेत किती वेळ असतं पोर?"

"मॅडम, आमच्या घरीही मराठीच. तरी मी कन्नडमध्येच शिकले," मी म्हणाले.

"तुमच्या मराठीत मराठी किती असते ते मी ऐकलंय परवा," मॅडम म्हणाल्या. आम्ही तिघीही हसलो. मग त्या म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. त्याला शिक्षकाचंच ऐकायचंय ना? सुमित्रा, तूच जा."

शाळा सुटल्यावर सुमित्रा मिस माझ्याबरोबर दुकानात गेल्या. संपतराव हातातलं काम टाकून उठले, स्टूल पुसून दिलं. मिस बसल्या नाहीत. त्यांनी कन्नडमध्येच सांगितलं, ते त्यांना नीट समजत होतं. "घरी मराठी बोला. भरपूर बोला. तिच्या आईला बोलू दे. कन्नड शिकवायचं काम माझं."

संपतराव गोंधळले. "आधी म्हणालात कन्नड. आता मराठी. पक्कं काय ते सांगा मिस."

"पक्कं हेच. आधीचं माझं चुकलं," सुमित्रा मिस म्हणाल्या. इतक्या सरळ, की मला खाली बघावं लागलं.

"बरं," संपतराव म्हणाले. "दसऱ्यापर्यंत बघतो."

मला वाटलं होतं, ईश्वरी आता शाळेत बोलू लागेल. तसं काही झालं नाही. ती तशीच सतरंजीवर ताठ. रोज सकाळी मी आशेने बघायचे आणि दुपारपर्यंत निराश व्हायचे. एच.एम. मॅडमनी एकदा नुसत्या भुवया उंचावून विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

मग एका सकाळी मनीषा एकटीच शाळेत आली. या आधी ती नवऱ्याशिवाय आली नव्हती. मी तिला वर्गाच्या दारात गाठलं. ती रागावलेली होती.

"मॅडम, एक विचारू का? माझ्या पोरगीला मिसबाई ऊठ का म्हणत न्हाईत?"

"म्हणजे?"

"ती सांगती, आये, माझं कार्ड कधीच झालंय. सगळी पोरं उठून दुसरीकडं बसतात, मला कुणी ऊठ म्हणत न्हाई. मी शहाण्यावानी बसून राहते, तरीबी मिस मला ऊठ म्हणत न्हाईत. रातभर तेच सांगत हुती. रडत हुती. काय गुन्हा केलाय तिनं?"

मला समजायला थोडा वेळ लागला. ईश्वरीच्या गावच्या शाळेत बाईंनी सांगितल्याशिवाय जागचं हलायचं नसे. घरूनही तेच बजावलेलं, बाई सांगतील तसं वागायचं. आणि आमच्या वर्गात कुणी कुणाला ऊठ म्हणतच नाही. मुलांनी आपणहून उठायचं, हीच तर ती पद्धत. शाळा सुरू झाल्यापासून हे पोर उठायच्या हुकमाची वाट बघत बसलं होतं. मिसना वाटलं, कार्ड जमत नाही. तिला वाटलं, आपल्याला शिक्षा झालीय. आणि हे ज्या एका माणसाला तिने सांगितलं असतं, ती आई तोंड फिरवून भांडी घासत होती.

मी सुमित्रा मिसना हाक मारली आणि मनीषाचं बोलणं कन्नडमध्ये सांगितलं. मिसनी कपाळाला हात लावला. मग त्या ईश्वरीजवळ जाऊन जमिनीवर बसल्या. मनीषाला दुसऱ्या बाजूला बसवलं. पुढचं कार्ड समोर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "वाचायला सांग."

मी सांगितलं. ईश्वरीने आईकडे बघितलं. मनीषा म्हणाली, "वाच की. घाबरू नको." ईश्वरीने कन्नड शब्द वाचले. आवाज बारीक होता, पण शब्द बरोबर. पुढचं कार्ड. तेही. शेजारच्या गटांत चाललेलं ती बसल्या जागी बघून-ऐकून शिकत होती. चौथ्या-पाचव्या कार्डाला जोडाक्षरं आली आणि ती अडली. गणित त्या मानाने कच्चं निघालं. म्हणजे अगदीच चमत्कार नव्हता. पण डॉक्टरकडे न्यायची गरज नाही, एवढं मिसना तिथेच कळलं.

"आता ऊठ," सुमित्रा मिस तिला म्हणाल्या, माझ्याकडून शिकून, मराठीत. "आणि यापुढे मी सांगणार नाही. झालं की तूच उठायचं."

त्यानंतर काही दिवस ईश्वरी फारच उठायची. काम अर्धं झालं तरी उठायची. मिस तिला खांद्याला धरून परत बसवायच्या.

सुट्टी लागली, ते तिघं गावाला गेले. मी सुट्टीहून परत येताना ईश्वरी दिसेल की नाही या काळजीत होते, कारण तिकडे आजी होती, शेत होतं, मैत्रिणी होत्या. शाळा सुरू झाल्यावर संपतराव तिला सायकलवर घेऊन आले. मला म्हणाले, "आजी सोडत नव्हती. पोरगीच म्हणाली, माझी पायरी मागं पडंल."

मनीषा त्यानंतर दर आठवड्याला काहीतरी तक्रार घेऊन शाळेत येऊ लागली. पाणी कोमट होतं, शेजारचा मुलगा केस ओढतो, ईश्वरीचं चित्र भिंतीवर का लावलं नाही. माझी त्या शाळेतली मुदत संपली तेव्हा एच.एम. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कॉलेजला सांगणार आहे, मराठी येणारी मुलगी पाठवू नका." पण मनीषा आली की तिच्यासाठी कुर्ची त्या स्वतः ओढत.

सुट्टीनंतरच्या पालकसभेत सुमित्रा मिसनी ते जुनं वाक्य गाळलं. त्याऐवजी म्हणाल्या, "घरी तुमच्या भाषेत पोरांचं ऐका आणि ते काय सांगतात ते आम्हाला येऊन सांगा." सगळ्यांनी नेहमीसारखी मान हलवली.

आमच्या कोर्समध्ये पालकांवर एक धडा आहे. शाळेने सांगितलेलं पालक करत नाहीत, तेव्हा काय करावं, हे त्यात सविस्तर दिलंय. पालक ते सगळं तंतोतंत करू लागले तर काय, याबद्दल त्यात काही नाही. म्हणून मी आता कुठल्याही आईला काही करायला सांगण्याआधी, तिने ते खरंच केलं तर त्या घरात संध्याकाळी कोण कुणाशी काय बोलेल, एवढं मनात बघून घेते. बऱ्याचदा मग सांगायचं राहून जातं.