जांभळीच्या डोहावरचा शनिवार

गणपत गेल्याचं मला सीताबर्डीच्या बाजारात कळलं. घेतलेली वांगी तिथंच टाकून मी त्याच्या घरी धावलो आणि ढसाढसा रडलो. आज महिना उलटल्यावर त्याच्याविषयी लिहायला बसलो, तर रडू येत नाही, राग येतो.

आमची दोस्ती मासे धरण्यातली. जंगलखात्याच्या एका साहेबाबरोबर तो दौऱ्यावर जाई. विलायतेला परतताना साहेबानं आपली गळाची बांबूची छडी त्याला दिली. गळाला गांडूळ नाही, पिसांची खोटी माशी. ती लांब दोरीच्या झोकानं पाण्यावर अलगद उतरवायची. दर रविवारी कन्हान नदीच्या उघड्या वाळूवर त्यानं मला ते शिकवलं. दोरी आधी मागं हवेत पूर्ण जाऊ द्यायची, मग पुढं. मला जमलं तेव्हा माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद झाला, असं मी इतकी वर्षं समजत होतो. पण मोठे मासे वाळूपाशी फिरकतच नाहीत... ते असत वरच्या अंगाला, जांभळीच्या डोहात. तिथं झाडी पाठीला अशी भिडलेली, की दोरी मागं गेली की फांदीत अडकलीच. मी एकदा विचारलं, मागं न नेता फेकायची काही तऱ्हा असेल ना?

"हाये, पण थे साहेबायचे चोचले गा माधवा," तो हसला. "नुसते दाखवाले. त्यानं मासा नाही येत."

मी मान डोलावली. वर्षानुवर्षं आम्ही वाळूवर बसून बोटाएवढे मासे अर्धे अर्धे वाटून घेतले. शनिवारी मात्र त्याला नव्या साहेबाच्या बंगल्यावर काम असे, असं तो सांगे.

तेरवीला त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, शनिवारचे मोठे मासे आता कोण आणीन?" मी हातातलं ताट खाली ठेवलं. "तुम्ही दोघं जांभळीच्या डोहावर जात होते ना? हे तर तसंच सांगत." मग तिनं कौतुकानं मला परसात नेलं. "सकाळी म्या सडा टाकला का हे इथं उभे राहत. वल्या जमिनीवर दोरी धरून राहते म्हणे. मंग चाकावानी लोयत लोयत अशी पुढं जाये... मागच्या भिताडाले कधी लागली नाही."

भिंत त्या जागेपासून हातभर होती; म्हणजे साहेबाचे तेच चोचले. "हो वहिनी, दोघंच जात होतो," मी म्हणालो. त्याचं खोटं शेवटी मलाच पुरं करावं लागलं.

छडी तिनं मलाच दिली. आता रोज आमच्या दारात सडा पडला की भिंतीला पाठ करून मी उभा राहतो. मनगट कुठं थांबवायचं ते सांगायला कोणी नाही. दोरी पायाशी गोळा होते. ती सोडवता सोडवता त्याला विचारतो... काहून लपवलं गा गणपत? डोह दोघायलेही पुरला असता.