नंदाला न आलेला ताप

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. इतकी वर्षं एका घरात राहतो आम्ही — तरी नाही. गिळून गिळून आता माझाच मला संताप येतो, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मला पाचवीपासून चष्मा. नंबर उणे सहा. साताऱ्याच्या शाळेत माझं नाव ढापण्याच पडलं होतं. धाकट्या बहिणीला, नंदालाही चष्मा होता, पण ती त्यावरून कुणाशी भांडली नाही. मी भांडायचो. मनातल्या मनात — भित्री माणसं भांडतात तसा.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा माझ्यासाठी मुली बघणं चाललं होतं. वाईच्या एका घरी मुलीची आत्या माझ्यादेखत म्हणाली, "पोरगा ढापण्या हाय, उद्या पोरंबी तसलीच निघायची." राग कुणाचा यायला हवा होता? त्या बाईचा ना? मला माझ्या चष्म्याचा आला.

सांगलीला तेव्हा चष्मा घालवायचं लेझरचं मशीन नवीनच आलं होतं. साताऱ्यात कुणाला कळू नये म्हणून मी तिकडे मावशीकडे जाऊन राहिलो. सोबत नंदा. आधी उजवा डोळा, महिन्याने डावा. ऑपरेशन असं मिनिटाचंच — तांबड्या ठिपक्याकडे बघत पडायचं, टकटक आवाज, केस जळल्यासारखा वास. खरं दुखणं नंतर. तीन-तीन दिवस डोळ्यांत मिरची भरल्यासारखं, उजेडाची तिरीप सोसवेना. नंदाने खिडकीवर वाकळ टांगली. घड्याळ उशाशी ठेवून ती वेळेवर माझी पापणी ओढायची, थेंब घालायची. मी ओरडलो की म्हणायची, "नवरदेवा, रडू नगंस, हळद उतरंल."

दिसू लागलं तेव्हा सगळ्यात आधी स्वच्छ काय दिसलं, सांगू? तिच्या चष्म्याच्या मोडक्या दांडीला गुंडाळलेला दोरा.

घरी आल्यावर नाकावरचे खळगे जावेत म्हणून मी रोज तेल चोळत होतो. इतकी अक्कल होती मला.

मग पलूसचं स्थळ आलं. आई, नंदा आणि मी मुलगी बघायला गेलो. पोहे झाले, मुलगी मला आवडली. एवढ्यात मुलीच्या चुलत्याची नजर नंदावर गेली. "पावनं, बहिणीला चष्मा दिसतोय. घराण्यातच हाय का काय?"

मी नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं — एवढंच. आणि मी म्हणालो, "न्हाई. लहानपणी तिच्या मेंदूत ताप गेलता, त्यात नजर अधू झाली. बाकी कुणाला न्हाई. माझंच बघा की." वर समोरच्या भिंतीवरल्या कॅलेंडरातली तिथी बसल्या जागेवरून वाचून दाखवली. सगळे हसले. मीही हसलो.

नंदाने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत लावला.

परतीच्या एसटीत तिने एकदाच विचारलं. "दादा, कवा आलता रं मला ताप?"

"गप बस. जमलंय न्हवं?" मी म्हणालो. आई खिडकीबाहेर बघत राहिली.

माझं लग्न झालं. आणि सोयरिकीच्या गावांतून ती गोष्ट माझ्या वरातीपेक्षा जोरात फिरली. नंदासाठी विचारायला येणारा प्रत्येक माणूस आधी हेच विचारायचा — ती तापातली पोरगी का? नुसता चष्मा एखाद्याला चालला असता. मेंदूत गेलेला ताप कुणाला चालणार? स्थळं परत जात राहिली, आणि दर वेळी मी दारात उभा होतो. 'खोटं आहे ते, मीच बोललो' — एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग माझं बिंग फुटलं असतं. त्या माणसांना मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. त्यांच्या तोंडात तो शब्द कुणी घातला होता?

चौतिसाव्या वर्षी नंदाला फलटणच्या एका बिजवराला दिली. माणूस चांगला आहे, असं लोक म्हणतात. मीही म्हणतो, मोठ्याने. तिला कधी विचारलं नाही.

पुढे माझी मुलगी पाचवीत गेली आणि तिला फळ्यावरचं दिसेना. नंबर निघाला. त्या दिवाळीत नंदा भाऊबीजेला आली होती. बायको हातातली करंजी खाली ठेवून हसत म्हणाली, "आत्यावर गेली बघा पोरगी." मग तिचं तिलाच खटकलं. "पण वन्सं, तुमचं तर तापामुळं झालं होतं ना?"

नंदाने चष्मा काढला, पदराने पुसला. माझ्याकडे बघितलं नाही.

"व्हय वयनी," ती म्हणाली, "लय ताप होता."

मी समोर बसून पेपर वाचत होतो. बारीक अक्षरंसुद्धा स्वच्छ दिसत होती. वाचतच राहिलो.