बंडूची तारीख

निलंग्याच्या कोर्टाच्या फाटकासमोर माझी चहाची टपरी हाय. वकिलाची वाट बघत बसलेला माणूस चहा पितो आन् पोटातलं सगळं सांगून जातो. कप धुता येतात, पण गोष्टींचं काय करावं? साठतच चालल्यात!

*

एकजणावर केस होती, पिऊन गाडी चालवल्याची. गडी तारखेलाच झुलत आला! जज्जसाहेब तापले, "आजबी पिऊन आलास?"

ह्यानं हात जोडले. "हाव साहेब. पण आज चालत आलो!"

*

माझ्या बंडूवरबी तीच केस. टेम्पो चालवायचा. मित्राच्या लग्नातून येताना नाक्यावर पोलिसांनी मशिनमध्ये फुंकायला लावलं. पिला होता; खोटं कशाला बोलू? मीच कानफटात दिली. लायसन गेलं, टेम्पो गेला, आन् बंडू हैदराबादला गोदामात पोती उचलायला गेला. दोन वर्षं झाली.

पोळ्याला येत न्हाई, दिवाळीला येत न्हाई. येतो ते फक्त तारखेला. टपरीमागं बसून भाकरी-पिठलं खातो आन् दुपारच्या एसटीनं माघारी.

शेजारीण म्हणली, "मावशी, पोराची केस मिटावी म्हणून शनिवार धरा."

मी म्हणले, "मिटंल की सावकाश. काय घाई हाय?" बाई बघतच राहिली!

*

एकदा बंडूचे वकीलसाहेब तोंड पाडून आले. "आजी, साक्षीदारच आला न्हाई. दोन महिन्यांनी तारीख पडली."

मी आलं ठेचून, दूध जास्तीचं घालून चहा दिला.

"काम झालं न्हाई तरी स्पेशल?"

"प्या हो गुमान!"

*

टीव्हीवर कबड्डी खेळणारा किरण आमच्याच गावचा. त्यानं पिऊन नवी कोरी गाडी शाळेच्या भिंतीत घातली. नशीब, सुट्टीचा दिवस होता. त्याची आन् बंडूची तारीख एकाच दिवशी आली.

बंडू सकाळपासून लिंबाखाली उभा. किरण आला तसे पोलीस मोबाईल काढून, त्याच्या गळ्यात हात घालून फोटो काढायला लागले. शिपाई दारात उभा राहून सगळ्यांची नावं बोंबलतो, किरणला मात्र जवळ येऊन म्हणला, "या ना भाऊ, ऊन लागंल."

चहा गार व्हायच्या आत किरण सुटून बाहेर! मी पोलिसाला विचारलं, "कसं काय ओ?"

"मशिन बंद होती, आजी. पुरावाच न्हाई."

"बंडूच्या वक्ताला बरी चालू होती!"

पोलीस हसला आन् बिस्कीट उचलून गेला. बंडू किरणच्या गाडीकडं बघत म्हणला, "आई, ह्याला कबड्डीतली पकड मीच शिकवली व्हती गं."

मी त्या मशिनच्या नावानं बोटं मोडली. आन् त्याच दिवशी बंडूला पुढची तारीख पडली, तवा आतून बरंबी वाटलं. आता काय म्हणावं मला!

*

मागच्या महिन्यात बंडूची केस मिटली. दंड भरला, लायसन हातात आलं. पोरानं ते कपाळाला लावलं. लई दिवसांनी हसताना बघितलं त्याला.

"आई, आता हैदराबादलाच गाडी बघतो. सारखं इकडं यायची कटकट मिटली!"

मी सगळ्या कोर्टाला पेढे वाटले. बंडूला एसटीत बसवलं, गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले. मग वकीलसाहेबाला बाजूला घेतलं आन् हळूच विचारलं,

"साहेब, ही केस लातूरच्या मोठ्या कोर्टात न्हेता येती का हो?"