वहिनीची पहिली फेरी

माझी वहिनी घोड्यांना घाबरायची हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थापा मारतेय. कारण वहिनी खोगिरं शिवते. आमच्या तबेल्यात सव्वीस घोडे आहेत आणि त्यातल्या निम्म्यांच्या पाठीवर तिच्याच हातचं कातडं आहे. पण रस्त्यावरून घोडा येताना दिसला की ही बाई दुकानाची पायरी सोडून आत पळायची आणि वर मला सांगायची, "दूध उतू जातंय."

दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली तिचं स्टूल. त्यावर बसून ती दोन गुडघ्यांच्या मध्ये एक लांबलचक लाकडी चिमटा धरते. चिमट्यात कातडं, दोन्ही हातांत एकेक सुई. इकडून एक सुई आत गेली की तिकडून दुसरी. हात रिकामे नसल्यामुळे तो चिमटा मांड्यांनी दाबून धरावा लागतो, आणि मेण लावलेला जादा दोरा दातांत. त्यामुळे शिवताना ती बोलत नाही. काही सांगायचं असलं तर आधी सुया ठेवते, दोरा तोंडातून काढते, गुडघे सैल सोडते आणि मग बोलते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, बावीस वर्षं हेच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दुकान त्याच्या नावावर. कातडं निवडावं आणि कापावं ते दादानंच, त्यात वाद नाही. घोड्यांची मापंही तोच घेऊन येतो. पण त्याच्या हातात सुई दिली की बघवत नाही. टाका कुठं निघालाय आणि कुठं पोचतोय याचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

आता आमच्या तबेल्याचा नियम ऐका. नवं खोगीर आलं की ज्यानं ते बनवलं त्यानंच आधी त्यावर बसून रिंगणाला पुरी एक फेरी मारायची. टाका उसवला तर पडणार तोच. फेरी झाली की तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर, खोगिराच्या कडेवर आपला ठसा मारायचा. ठसा नसलेलं खोगीर तबेल्यात ठेवूनच घेत नाहीत. नियम फार चांगला आहे. फक्त आमच्या घरात शिवायची वहिनी, फेरी मारायचा दादा, आणि ठसा दादाचा.

दादानं चोरी केली असं मी म्हणणार नाही. पहिल्या खोगिराच्या वेळी त्यानं तिला सरळ विचारलं होतं, "तू बस, ठसा तुझा." ती म्हणाली, "मेले तरी नाही." दुसऱ्या वेळी विचारलं, तिसऱ्या वेळी विचारलं, मग विचारायचं बंद झालं. लोक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "काय हात आहे राव तुझा!" आणि हा गृहस्थ नुसता मिशीतल्या मिशीत हसायचा. तिथं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी तोंड उघडायला गेले की वहिनीच डोळे वटारायची. म्हणायची, "असू दे गं. मला काय फरक पडतो?"

फरक पडत होता. खोगीर दुकानातून निघालं की ती दारापर्यंत यायची आणि त्याच्या कोऱ्या कडेवरून एकदा अंगठा फिरवायची. मी स्वतः पाहिलंय. अशा वेळी मी काहीतरी फालतू बोलून विषय बदलायचे, कारण मला रडू यायचं आणि मला रडलेलं आवडत नाही.

मग दादाचा गुडघा बदलला. डॉक्टरांनी बजावलं, सहा महिने घोड्याचं नावही काढायचं नाही. आणि इकडे वकीलसाहेबांचं खोगीर तयार होऊन पडलेलं. वकीलसाहेब म्हणजे शंभर किलोंच्या वरचा मऊ माणूस. तीन आठवड्यांनी ते मित्रांबरोबर आठ दिवसांच्या रपेटीला निघणार होते आणि जुन्या खोगिरानं त्यांची साथ सोडली होती. ही बातमी पलीकडच्या गल्लीतल्या खोगीरवाल्याला लागली. तो सफरचंदं घेऊन दादाला बघायला आला आणि म्हणाला, "तुम्ही आराम करा. फेरी मी मारतो. फक्त मग ठसा माझा लागेल, काय करणार, नियम आहे."

दादा गोळ्यांच्या गुंगीत होता, तो मान हलवायच्या बेतात होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "फेरी मी मारणार आहे."

आम्ही तिघंही दाराकडे बघायला लागलो. वहिनी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि सगळ्यात जास्त धक्का तिलाच बसला होता. खोगीरवाला म्हणाला, "तुम्ही कशाला? शिवणाऱ्यानं मारायची असते." ती म्हणाली, "म्हणूनच." आणि त्याला चहा न देताच ट्रे परत घेऊन गेली.

मी तबेल्यात लोकांना घोड्यावर बसायला शिकवते. माझा आवाज दोन रिंगणं पलीकडे ऐकू जातो आणि राग कायम नाकावर असतो. तरी माझ्या हाताखालून शेकडो भित्री माणसं शिकून गेलीत. म्हटलं, तीन आठवडे म्हणजे डाव्या हाताचा मळ.

पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर मावशीला आणून उभं केलं. मावशी म्हणजे आमची सगळ्यात म्हातारी घोडी, तिला चालायचासुद्धा कंटाळा. वहिनीनं घोडीकडे बघितलंच नाही. सरळ तिच्या पाठीवरच्या खोगिरापाशी गेली आणि म्हणाली, "हे कुणी शिवलंय? उंदरानं कुरतडलंय का?" पाऊण तास ती त्या टाक्यांना नावं ठेवत होती. मावशीनं मान वळवून तिचा पदर हुंगला तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की खाली घोडी आहे. त्या दिवशीचा धडा तिथंच संपला.

तिसऱ्या दिवशी ती चढली. आणि काय बसली म्हणून सांगू! पाठ ताठ, खांदे खाली, नजर समोर. स्टुलावरची बावीस वर्षं. मी टाळ्या वाजवणार इतक्यात मावशी एक पाऊल पुढं सरकली आणि वहिनीनं घाबरून मांड्या आवळल्या.

आता घोड्याला मांड्या आवळून काय सांगतात? चल. मावशी चालली. वहिनी आणखी घाबरली, तिनं आणखी आवळलं. मावशी दुडक्या चालीनं निघाली. जी घोडी मी कित्येक वर्षांत दुडकताना पाहिली नव्हती! वहिनीचे डोळे मोठे, तोंड घट्ट बंद, श्वाससुद्धा बंद. मी ओरडतेय, "पाय सैल सोड!" ती दातांतून म्हणतेय, "सोडले तर पडेन!" आणि जितकी मी ओरडतेय तितकी ती आवळतेय. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी मावशीलाच दमायला झालं आणि ती पाण्याच्या हौदापाशी जाऊन थांबली. वहिनी उतरली, कुंपणाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्हाला माझा जीवच घ्यायचा असेल तर तसं सांगा." ती एरवी मला अगंतुगं करते. अहो-जाहो सुरू झालं की समजायचं, प्रकरण पेटलं.

मी पण पेटले. म्हटलं, नको शिकूस, बस घरात. आणि तावातावानं दुकानात गेले, तर ही आपली स्टुलावर, एका पट्ट्याच्या कडेचा अवघड टाका घालत बसलेली. चिमटा जरा घसरला. तिनं श्वास रोखला आणि मांड्या आवळल्या. मी दारातच थांबले. काहीही निसटायला लागलं की आवळायचं, हे त्या पायांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना कोण शिकवणार! मग मी म्हटलं, "वहिनी, एक विचारू?" तिनं सुया ठेवल्या, दोरा काढला, गुडघे सैल सोडले आणि म्हणाली, "विचारा ना, वन्सं." मी तिथंच उडी मारली.

दुसऱ्या दिवशी तिला मावशीवर बसवलं आणि सांगितलं, "आता बोलायचं. थांबायचं नाही."

"काय बोलू?"

"काहीही. दादाबद्दल बोल."

अहो, धरणाचं दार उघडलं! ओला टॉवेल पलंगावर. चहाचा कप कापलेल्या कातड्यावर. पाच मिनिटांत येतो म्हणून दोन तास गायब. आणि तिच्या गुडघ्यांनी इमानेइतबारे चिमटा सोडून दिला होता. मावशी खालून शांतपणे चालतेय, कान मागे करून ऐकतेय. फेरी संपली हे वहिनीला कळलंसुद्धा नाही. मी थांब म्हटलं तर म्हणाली, "थांब गं, त्यांच्या मामेबहिणीच्या लग्नातलं राहिलंय."

दादाचा विषय आठवडाभर पुरला. मग तिनं माझा विषय काढला, तेव्हा मी धडा लवकर आटोपता घेतला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती आपणहून म्हणाली, "जरा पळवू का?" आणि दुडक्या चालीत वरखाली आदळत, अंबाडा सुटलेला, हसून हसून डोळ्यांत पाणी, ओरडत गेली, "अगंबाई! अगंबाई! हे लोक मजा मारत होते इतकी वर्षं!" मी कुंपणावर बसून खिदळत होते. तबेल्यातली पोक्त माणसं आमच्याकडे बघून माना हलवत होती.

फेरीच्या दिवशी सकाळी आम्ही खोगीर घेऊन गेलो. वकीलसाहेब आपला घोडा घेऊन उभे होते. काळा, उंच, तगडा. नवं खोगीर ज्या पाठीसाठी, त्याच पाठीवर चढवायचं, हे काय कुणी सांगायला हवं? त्याचं माप वहिनीच्याच भिंतीवर महिनाभर टांगलेलं होतं. आणि आम्ही दोघी शहाण्या तीन आठवडे मावशीवर गिरवत बसलो होतो!

पलीकडच्या गल्लीतला खोगीरवाला कुंपणाला रेलून उभा होता, खिशात स्वतःचा ठसा घेऊन. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं, काळ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "राहू दे, वहिनी. उद्या बघू." मनापासून म्हटलं, मला खरंच भीती वाटली. तिनं मान हलवली, घोड्याच्या पोटाखालचा तंग स्वतः ओढून पाहिला, रिकिबीत पाय घातला आणि चढली.

वीस पावलं ठीक गेली. मग काळ्यानं मान झटकली आणि तिनं तोंड मिटलं. मला इथूनच दिसलं. गुडघे आवळले. काळा पळायला लागला.

"बोल, वहिनी! बोल!" मी ओरडले.

तोंड घट्ट बंद. काळा वळणावर आणखी जोरात. माझ्या शेजारी दादा कुबड्यांवर उभा होता, तो एक कुबडी वर करून ओरडला, "अगं, टॉवेल! टॉवेलबद्दल बोल! माझ्याबद्दल काय हवं ते बोल!" पन्नास माणसं हसली. वहिनीनं तोंड उघडलं आणि तिच्या पोटातून आवाज आला तो टॉवेलचा नव्हता.

"हे खोगीर मी शिवलंय!"

काळ्याचा एक कान मागे आला.

"मी शिवलंय! याच्या आधीचंपण मी! डॉक्टर, तुमचं मी शिवलंय, उजवीकडे दुहेरी टाका आहे, बघा जाऊन! त्या खांबापाशी टांगलेलं मी! बावीस वर्षं तुम्ही सगळे माझ्या टाक्यांवर बूड ठेवून फिरताय!"

काळा दुडकत होता, तो चालायला लागला. वहिनी बोलतच होती. एकेकाचं नाव घेऊन, एकेक खोगीर, कुठली शिवण कुठं, कुठल्या पट्ट्याला दोनदा उसवून घातलं. लोक खरंच खोगिरं उलटी करून बघायला लागले. सगळे दादाकडे वळले. मला वाटलं, हा आता खाली बघेल. तर हा कुबडीवर रेलून, गालांवरून पाणी वाहतंय आणि मोठमोठ्यानं सांगतोय, "खरं आहे! अक्षर न् अक्षर खरं आहे! मला बटणसुद्धा लावता येत नाही!"

फेरी पुरी झाली. मी लगाम धरायला पुढं गेले तर ती मला ओलांडून गेली. "अगं, एकच फेरी असते!" "माहितीये!" दुसरी फेरी मारली, हसत, दोन्ही पाय सैल, कुणाशी न कुणाशी बोलत.

ती उतरली. दादानं खिशातून ठसा काढून पुढं केला. ती म्हणाली, "तो तुमचा. त्या फेऱ्या तुम्ही मारल्यात." तिचा स्वतःचा ठसा नव्हताच. करून घ्यायचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, तिच्याही नाही. मग तिनं कातड्याला भोकं पाडायची कमरेची आरी काढली, खोगीर मांडीवर घेऊन तिथंच मातीत बसली आणि कडेवर आपलं नाव कोरायला लागली. हात असा थरथरत होता की अक्षरं चढ-उतार करत गेली, शेवटचं तर कडेवरून खाली घसरलं. एवढी वाकडी रेघ तिच्या हातून मी कधी पाहिली नव्हती.

वकीलसाहेब वाकून बघत हळूच म्हणाले, "घरी नेऊन सावकाश नीट करून दिलंत तरी चालेल हं. निघायला अजून दोन दिवस आहेत."

"अजिबात नाही," वहिनी म्हणाली. "घोड्यावरून उतरून लिहिलंय. ते दिसू दे."