या सीझनचा तिसरा कोच

मंडळी, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या एका छोट्या रग्बी लीग क्लबची मी फिजिओ. आज दुपारी आम्ही पुन्हा हरलो आणि तासाभरात कमिटीने कोचला काढलं. या सीझनमधला हा तिसरा.

मी बॅग आवरत असताना तो माझ्या खोलीत आला. "कॅप्टनचा खांदा बरा झालेला नाही. नवा कोच त्याला खेळवायला बघेल. तू नाही म्हण."

"तुलाही मी काल नाहीच म्हटलं होतं."

"हो. मला जिंकायचं होतं, म्हणून आज त्याला खेळवलं. चूक झाली."

तो गेल्यावर मी कॅप्टनला चार आठवडे विश्रांती लिहून दिली आणि कमिटीला ईमेल केला. नवा कोच कोण, अजून माहीत नाही.

तुमच्याकडे साहेब सारखे बदलतात तेव्हा खालच्या माणसांची काळजी कोण घेतं?